‘वंजारी’, ‘बंजारा’ व ‘लमाण’ : व्युत्पत्तींची चिकित्सा

(१)

जुन्या कागदपत्रांचे संग्रह छापतांना पानाच्या तळाशीं अवघड शब्दांचे अर्थ देण्याची चाल रूढ झाली आहे व ती वाचकांस उपकारक आहे. परंतु टीप जितकी आटोपशीर तितकी तिची परीक्षा कमी होते. आणि एकदां छापलेली टीप पुढील संपादक बहुधा जशीच्या तशी उतरून घेतात. अशाच एका पत्रसंग्रहांत लष्कराकरितां दाण्याची भरती करण्याविषयीं वंजाऱ्यांस कौल दिल्याचा मजकूर नुकताच आमच्या वाचनांत आला. ‘वंजारी’ या शब्दावर संपादकांनीं टीप दिली आहे ती अशी कीं, हा शब्द ‘वनचर’ यापासून निघाला असून रानावनांत भटकणारे लोक असा त्याचा अर्थ आहे.

संपादकांचें नांव घेण्याचें कारण नाहीं. हीच व्युत्पत्ति आम्हीं स्वतः शाळेंत संस्कृत शिकवीत असतां वर्षानुवर्षें मुलांस सांगितली आहे. त्या वर्गांत तांड्यावरून येणारे विद्यार्थीही बसत असत. आपले पूर्वज वनचर होते असें ते आमच्या तोंडून ऐकत, वहींत उतरून घेत, आणि परीक्षेंत तसें लिहिल्याबद्दल आम्ही त्यांस गुण देत असूं. तेव्हां पुढील टीका प्रथम आमच्यावरच आहे असें वाचकांनीं समजावें.

टिपेंतील अर्थ पत्रास लावून पाहतांच अडचण दिसते. रानांत भटकणाऱ्या माणसास सरकार कौल कां देईल? त्याच्या भरंवशावर हजारों घोड्यांचा दाणा कां सोडील? ज्या अर्थीं दिला, त्या अर्थीं लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनांत ‘वंजारी’ या शब्दाचा अर्थ दुसरा होता. तो कोणता हें पाहणें हा या लेखाचा हेतु आहे.

(२)

या शब्दाच्या तीन व्युत्पत्ति प्रचारांत आहेत. पहिली ‘वनचर’ ही. दुसरी फारसी : ‘बिरिंज’ म्हणजे तांदूळ, व ‘आर’ म्हणजे आणणारा, यावरून ‘बिरिंजार’ व पुढें ‘बंजारा’. तिसरी संस्कृत ‘वाणिज्य’ अथवा ‘वणिज्या’ यास ‘कार’ जोडून होणारी, म्हणजे व्यापार करणारा. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातींविषयींच्या ग्रंथांत हिरालाल यांचें मत या तिसरीस अनुकूल आहे.

फारसी व्युत्पत्ति प्रथम निकालांत काढूं. ती इंग्रज अधिकाऱ्यांस आवडण्याचें कारण असें कीं, त्यांच्या तोंडीं या शब्दाचें रूप ‘ब्रिंजारी’ असें झालें होतें, व त्यांत ‘बिरिंज’ स्पष्ट ऐकूं येत असे. परंतु तो रकार इंग्रजी रूपांतच आहे. मराठी वंजारी, गुजराती वणजारो, पंजाबी वणजारा, हिंदी बंजारा यांपैकीं एकाच्याही पहिल्या अक्षरांत रकाराचा मागमूस नाहीं. शिवाय पश्चिमेकडील सर्व भाषांत आरंभीं ‘व’ आहे. ‘ब’ केवळ हिंदींत आहे. संस्कृत वकाराचा हिंदींत बकार होतो : वट–बड, विवाह–ब्याह, आणि आपल्या ‘वाणी’ या शब्दाचा सोयरा तिकडे ‘बनिया’. उलट, फारसी बकाराचा मराठी, गुजराती व पंजाबी या तिन्ही भाषांनीं एकमतानें वकार केला असें मानण्यास आधार नाहीं. यूल व बर्नेल यांनींही आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशांत ही व्युत्पत्ति मान्य केलेली नाहीं. बिरिंजाच्या भासानें इंग्रजी रूप बिघडलें, एवढाच तिचा उपयोग.

(३)

‘वनचर’ ही व्युत्पत्ति संस्कृतज्ञांस मोह पाडणारी आहे, कारण ती कानास लागलीच पटते. परंतु व्युत्पत्ति कानानें ठरत नसून ध्वनींच्या क्रमानें ठरते. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’प्रमाणें दोन स्वरांमधील चकाराचा प्राकृतांत सामान्यतः लोप होतो, म्हणून ‘वनचर’ याचें प्राकृत रूप ‘वणअर’ अथवा यश्रुतीनें ‘वणयर’ असें होतें. त्यांत जकार येत नाहीं. क्वचित् चकाराचा जकार झाल्याचीं उदाहरणें वैयाकरणांनीं नोंदलीं आहेत. तीं मानून येथें तसें झालें असें धरलें, तरी दुसरी अडचण उरतेच. ‘चर’ यांतील अकार ऱ्हस्व आहे; ‘वंजारी’, ‘वणजारो’, ‘बंजारा’ या सर्वांत तो दीर्घ आहे. हें दीर्घत्व ‘वनचरा’कडून कोणत्याही मार्गानें मिळत नाहीं.

आतां तिसरी व्युत्पत्ति घेऊं. ‘ज्य’ याचा प्राकृतांत ‘ज्ज’ होतो. पालींत ‘वणिज्जा’ हा शब्द व्यापार या अर्थीं सुप्रसिद्ध आहे. ‘कार’ यांतील ककार दोन स्वरांमध्यें आल्यानें लोपतो व ‘आर’ उरतो. कुंभकार–कुंभार, लोहकार–लोहार, सुवर्णकार–सोनार, चर्मकार–चांभार ही मालिका मराठी वाचकांच्या रोजच्या परिचयाची आहे. त्याच सांच्यांत ‘वणिज्ज’ व ‘आर’ मिळून ‘वणिजार’, मधला दुर्बळ इकार जाऊन ‘वणजार’, व त्यास व्यवसायवाचक ‘ई’ लागून ‘वणजारी’. ‘वंजारी’ हें त्याचें केवळ लेखनांतील संक्षिप्त रूप होय. संयुक्त व्यंजन एकेरी होतांना मागील स्वर दीर्घ व्हावा असा सामान्य नियम आहे (अद्य–अज्ज–आज); परंतु पुढें ‘आर’ हें भारी अक्षर असल्यानें येथें मागील स्वर दुर्बळ होऊन गळाला आहे. दीर्घ आकार, जकार, णकार व आरंभीचा वकार या चारही गोष्टींचा उलगडा या एकाच व्युत्पत्तीनें होतो.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. ‘वंजारी’ हा शब्द सोनार, कुंभार यांच्या पंक्तींतील आहे. तो मनुष्य कोठें राहतो हें सांगत नाहीं. तो काय करतो हें सांगतो. भटकणें हा अर्थ शब्दाच्या घटनेंत कोठेंही नाहीं.

(४)

ध्वनींवरून काढलेला निष्कर्ष प्रयोगांनीं पडताळला पाहिजे, नाहींतर तीही एक कल्पनाच ठरेल. १६०४ सालीं संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथांत गुरु नानकांच्या ‘पहरे’ या रचनेमध्यें जीवास ‘वणजारा’ म्हणून संबोधिलें आहे. संसाराच्या बाजारांत माल घेण्यास आलेला व्यापारी, असें तेथें रूपक आहे. श्रोत्यांस वणजारा म्हणजे व्यापारी असें सहज समजत नसतें तर हें रूपक उभेंच राहिलें नसतें. पंजाबांत बांगड्या व किरकोळ जिन्नस विकीत फिरणाऱ्यासही वणजारा म्हणतात. मग तो कोणत्याही जातीचा असो. आग्र्याच्या नजीर अकबराबादीनें (मृत्यु १८३०) आपल्या ‘बंजारानामा’ या काव्यांत हाच संकेत चालविला आहे.

संस्कृत ग्रंथांत हा शब्द शोधण्याचा यत्न मात्र फसला, व त्याची हकीकत संशोधकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सर हेन्री एलियट यांनीं दंडीच्या ‘दशकुमारचरिता’चा हवाला देऊन बंजारा हें नांव फार प्राचीन असल्याचें प्रतिपादिलें. पुढें प्रोफेसर कॉवेल यांनीं मूळ संस्कृत पाठ तपासला, तों त्यांत हा शब्दच नाहीं असें आढळलें. दंडी व्यापाऱ्यांस वणिक्, नैगम, सार्थवाह अशा शब्दांनीं संबोधितो. भाषांतरावरून व्युत्पत्ति ठरविल्यास काय होतें याचा हा धडा आहे. एरियनच्या ग्रंथांतील, जनावरें भाड्यानें देणाऱ्या भटक्या लोकांच्या उल्लेखाचीही तीच गोष्ट. त्यावरून वाहतूकदार होते एवढें सिद्ध होतें. नांव सिद्ध होत नाहीं, हा रसेल यांचा अभिप्राय यथार्थ आहे.

धंदा मात्र नांवापेक्षां जुना आहे. महाभारतांतील नलोपाख्यानांत दमयंती ज्या सार्थाबरोबर चालली तो सार्थ म्हणजे अशीच मालवाहू मंडळी होती. बैलावर लादावयाच्या पोत्यास आपण ‘गोणी’ म्हणतों; तो शब्द याच अर्थीं पाणिनीस ठाऊक होता. अल्लाउद्दीन खिलजीनें (कारकीर्द १२९६–१३१६) दिल्लीचा धान्यबाजार बांधून दिला तेव्हां धान्य वाहणाऱ्या ‘कारवानी’ लोकांस बायकामुलांसह यमुनाकांठीं वसविल्याचें बरनी लिहितो. ते लोक म्हणजे पुढील बंजारेच, असें इर्फान हबीब यांनीं दाखविलें आहे. सिकंदर लोदीच्या धोलपूरवरील स्वारीच्या प्रसंगीं (१५०४) मुसलमानी तवारिखांत प्रथम बंजारा हें नांव येतें, असें क्रूक यांचें म्हणणें आहे. जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत या लोकांचा, हजारों बैल बाळगून खेड्यांतील धान्य शहरांत आणणारा वर्ग, असा उल्लेख करतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास १६३२ सालीं वाटेंत एकच तांडा १४,००० बैलांचा भेटला. सर्व बैल धान्यानें लादलेले, व बरोबर बायकामुलें. ही मंडळी हिंडत होती यांत शंका नाहीं. पण त्यांचें हिंडणें बाजारापासून बाजारापर्यंतचें होतें.

या ठिकाणीं एका ताम्रपटाविषयीं लिहिणें अवश्य आहे. शहाजहानचा वजीर आसफखान यानें दक्षिणेंतील मोहिमेच्या वेळीं भंगी व जंगी या दोन नाइकांस ताम्रपट दिला, अशी कथा वऱ्हाडांतील अधिकारी कंबरलेज यांनीं नमूद केली व रसेल यांनीं ती पुढें चालविली. त्यांतील तीन खून माफ असल्याची सवलत सर्वांच्या तोंडीं आहे, व तिच्यावरून या लोकांच्या दांडगाईचा निष्कर्ष काढण्यांत येतो. आमची शंका अशी कीं, तो मजकूर यमकबद्ध आहे, आणि सनदांची भाषा यमकबद्ध नसते. म्हणून हा लेख सरकारी दफ्तराचा न समजतां परंपरेचा समजावा. परंतु परंपरा म्हणूनही त्यांतील बाकीच्या सवलती कोणत्या हें पाहण्यासारखें आहे : पाणी, छपराचें गवत, आणि वजिराच्या घोड्यांच्या जागीं यांच्या बैलांस थारा. ही मागणी माल पोंचविणाऱ्याची आहे, लुटारूची नव्हे.

(५)

‘लमाण’ या शब्दाचा प्रश्न इतका सुकर नाहीं. तो ‘लवण’ म्हणजे मीठ यापासून निघाला, असें सर्रास सांगण्यांत येतें. कोंकणांतील मिठागरांतून घाटांवर मीठ चढविण्याचें काम या लोकांचें होतें, व टॅव्हर्निए (१६७६) तर माल वाहणाऱ्यांच्या चार वर्गांपैकीं एक वर्ग केवळ मीठच वाही असें लिहितो. अर्थाच्या दृष्टीनें म्हणून हरकत नाहीं.

हरकत ध्वनीची आहे. ‘लवण’ या शब्दाकरितां वररुचीनें स्वतंत्र सूत्र दिलें असून त्याचें प्राकृत रूप ‘लोण’ सांगितलें आहे. मराठींत त्याचाच विस्तार दिसतो : लोणार, लोणचें, आणि लवणकार यावरून लोणारी. म्हणजे मिठाशीं संबंध असलेल्या धंद्याचें नांव मराठीनें नियमाप्रमाणें आधींच घडविलें आहे, व तें ‘लमाण’ नव्हे. ‘लमाण’ यांतील मकार व दुसऱ्या अक्षरांतील दीर्घ आकार एकट्या ‘लवणा’कडून येऊं शकत नाहींत. त्याकरितां सामासिक शब्द मानावा लागतो. पंजाबांतील लबाणा या नांवाची फोड तिकडे लूण (मीठ) व बाणा (व्यापार) अशी करितात. लबाणा, लभाण, लंबाणी, लमाण हीं रूपें एका ओळींत मांडलीं म्हणजे बकारापासून मकारापर्यंतचा मार्ग दिसतो. ‘निंब’ याचा हिंदींत ‘नीम’ होतो तसाच हा प्रकार. हा मार्ग संभाव्य आहे. परंतु ‘वणजारी’ शब्दाची व्युत्पत्ति ज्या अर्थानें सिद्ध म्हणतां येते त्या अर्थानें ही सिद्ध नाहीं, व संपादकांनीं टिपेंत ‘लवण यापासून’ असें निःशंक लिहूं नये.

या दोन्ही नांवांविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयाची ती ही कीं, दोन्ही परक्यांनीं दिलेलीं आहेत. हे लोक आपसांत स्वतःस ‘गोर’ म्हणवितात, व बाहेरच्यास ‘कोर’ म्हणतात. त्यांची गोरबोली राजस्थानीच्या जवळची आहे. ग्रियर्सननें तिची नोंद आपल्या भाषाविषयक पाहणीच्या नवव्या खंडांत ‘बंजारी अथवा लभाणी’ या नांवाखालीं केली आहे. ज्याच्याशीं व्यवहार पडला त्यानें व्यवहारावरून नांव दिलें. घरांतलें नांव घरांतच राहिलें.

(६)

मग धंद्याच्या नांवास भटकेपणाचा अर्थ चिकटला केव्हां? अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तरी तो प्रधान नव्हता. १७९१ च्या मे महिन्यांत कॉर्नवॉलिसचें लष्कर दाणावैरणीवांचून श्रीरंगपट्टणाजवळून मागें फिरलें व वेढ्याच्या तोफा त्यास नष्ट कराव्या लागल्या. त्याच सुमारास हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या, आणि त्यांच्या बाजारांतील धान्यावर इंग्रजांचें निभावलें. भाऊंच्या फौजेबरोबर असलेल्या एडवर्ड मूरनें १७९४ च्या आपल्या वृत्तांतांत या धान्यवाहकांचें वर्णन केलें आहे. १८०३ च्या मोहिमेंतील आर्थर वेलस्लीच्या पत्रांत ‘ब्रिंजारी’ हा शब्द वारंवार येतो, व त्यांचे बैल वेळेवर येतात कीं नाहीं या काळजीनें येतो. जॉन ब्रिग्ज यांनीं १८१९ सालीं मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत त्यांच्यावर स्वतंत्र निबंध छापला. या सर्वांच्या दृष्टीनें वंजारी म्हणजे ज्याच्यावांचून लष्कर हालत नाहीं तो.

पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली. १८६३ त बोरघाट व १८६५ त थळघाट आगगाडीनें चढला, आणि १८६७ त ती नागपुरास पोंचली. ज्या वाटांनीं मीठ वर व धान्य खालीं जात असे त्याच वाटांनीं रूळ गेले. एका पिढींत धंदा गेला. तांडा मात्र राहिला. माल नसलेला तांडा पाहणाऱ्यास केवळ भटका दिसतो. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा आला, व फिरणें हेंच संशयाचें कारण झालें. या लोकांच्या कांहीं गटांवर तो शिक्का बसला, व तो ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत पुसला गेला नाहीं. जातींचे मोठे इंग्रजी ग्रंथ याच ऐंशी वर्षांत लिहिले गेले. त्यांच्या लेखकांनीं डोळ्यांपुढें दिसलें तें लिहिलें. परंतु दिसलें तें नांवाचा मूळ अर्थ समजून मागील चारशें वर्षांवर लादलें, ही त्यांची चूक. आमच्या ‘वनचर’ या व्युत्पत्तीस जो सहज आश्रय मिळाला तोही यामुळेंच. अर्थ आधीं ठरला होता, व्याकरण त्याच्या सेवेस बोलाविलें गेलें.

(७)

हा वाद केवळ कोशकारांचा असता तर आम्ही इतकीं पानें अडविलीं नसतीं. मूळ एकच शब्द, त्याचें मराठी रूप ‘वंजारी’ व हिंदी रूप ‘बंजारा’. परंतु आज महाराष्ट्रांत तीं दोन निराळ्या समाजांचीं नांवें आहेत. सरकारी यादींत बंजारा व लमाण विमुक्त जातींत, आणि वंजारी भटक्या जमातींच्या ‘ड’ वर्गांत आहेत. लंबाडी अथवा सुगाळी तेलंगण व आंध्र येथें अनुसूचित जमातींत, आणि बंजारा व लंबाणी कर्नाटकांत अनुसूचित जातींत आहेत. २०२५ च्या सप्टेंबरांत हैदराबाद गॅझेटियरांतील नोंदींच्या आधारें महाराष्ट्रांतील बंजारा समाजानें अनुसूचित जमातींत समावेश व्हावा अशी मागणी केली. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेचा निर्णय करणें हें आमचें काम नाहीं. परंतु जुना कागद आतां केवळ हौसेनें वाचला जात नाहीं. तो पुरावा म्हणून वाचला जातो. तेव्हां त्याखालील टीप लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यांत अशा. शब्द एक म्हणून वंश एक, असें अनुमान करूं नये. लोहार सर्व देशांत आहेत, पण ते सर्व एका कुळाचे नव्हेत. त्याचप्रमाणें आज समाज निराळे म्हणून जुन्या कागदांतील शब्दही निराळे, असेंही धरूं नये. अठराव्या शतकांतील पत्रांत ‘वंजारी’ आला तर प्रथम तो धंद्याचा वाचक समजावा. जातीचा अर्थ तेव्हांच घ्यावा जेव्हां संदर्भांत नाइकाचें कूळ, तांडा अथवा जातीचा निवाडा असा दुसरा आधार असेल. मोडींत अनुस्वार पुष्कळदां गळतो. त्यामुळें ‘वजारी’ असें दिसणारें रूप घाईनें ‘बजारी’ वाचून बाजारकऱ्यांच्या खातीं टाकलें जाण्याचा संभव आहे. असे पाठ पुन्हां तपासावे. ‘वणजारी’, ‘वंजारी’, ‘लमाण’, ‘लमाणी’ यांपैकीं मूळ कागदांत जें रूप असेल तेंच छापावें. आजच्या वापरास धरून तें सुधारूं नये.

ज्या गृहस्थांच्या संग्रहीं जकातीचे हिशेब, दस्तकें, घाटावरील चौक्यांचे कागद अथवा रसदेचे कौल असतील, त्यांनीं त्यांतील हीं नांवें तारीख, मालाचा जिन्नस व बैलांची संख्या यांसह उतरून प्रसिद्ध केल्यास या विषयावर मोठे उपकार होतील. ‘लमाण’ या नांवाबरोबर मिठाची नोंद धान्याच्या मानानें किती वेळां येते, एवढें जरी कळलें तरी वरील पांचव्या कलमांतील प्रश्न पुष्कळ पुढें जाईल. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या वहींत ‘वनचर’ ही व्युत्पत्ति अद्याप लिहिलेली असेल, तर ती त्यांनीं खोडून टाकावी, व ती चूक शिक्षकाची होती असें समजावें.